बटईची शेळी, कर्जाची शेळी

२१ ऑगस्ट १९६१

डाळ आजही शिजली नाही. दोन तास चुलीवर, आणि दाणा तसाच टणक. या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की फाटतं. दर्यापूरच्या ब्लॉक ऑफिसात सगळे म्हणतात, बाई, गाव चांगलं मिळालं तुम्हाला. म्हणणारा एकही इथं मुक्कामाला राहिलेला नाही.

ग्रामसेविका होऊन या गावात दीड वर्ष झालं. खोली गयाकाकूंच्या घराच्या मागच्या अंगाला. काकू विधवा, साठीच्या, पण सगळं शेत अजून स्वतः बघतात. सकाळी ताक पाठवतात. बोलतात कमी, बघतात फार. बाकी दिवसभर "सेविकाबाई, सेविकाबाई" करणारी माणसं खूप, पण दार लावलं की कोणी नाही.

एक शेवंता तेवढी. रोज उजाडता उजाडता दोन शेळ्या घेऊन खिडकीखालून जाते. "उठल्या का बाई?" म्हणते. मी "उठले" म्हणते. कित्येक दिवस माझं खरं बोलणं एवढंच असतं.

२ सप्टेंबर

ऑफिसात मीटिंग. नवी योजना, बायकांसाठी. पाच-पाच जणींचा गट, प्रत्येकीला शेळ्यांसाठी थोडं कर्ज, दरमहा हप्ता, आणि पाचहीजणी एकमेकींना जामीन. तारण काही नाही. साहेब म्हणाले, "गरिबाकडे तारण नसतं, पण शेजारीण असते." वाक्य छान आहे. सगळ्यांनी लिहून घेतलं, मीही घेतलं.

परत येताना एस.टी.त मनातल्या मनात गट पाडत होते. पहिलं नाव शेवंताचं.

१२ सप्टेंबर

पोळा होऊन दोन दिवस झाले. बैलांच्या शिंगांचा रंग अजून गोठ्याच्या खांबांना लागलेला.

शेवंताला खोलीत बोलावलं. आधी ती उंबऱ्याबाहेर बसली, मी आत ये म्हटलं. काकू ओसरीवरून बघत होत्या, बघू देत. छपन्न साली शेवंताच्या वस्तीनं दीक्षा घेतली, जुनी कामं सोडली, मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. पण काकूंच्या घराचा उंबरा अजून तिला उंबराच आहे.

तिच्याकडच्या शेळ्या तिच्या नाहीत. गयाकाकूंच्या आहेत, बटईनं दिलेल्या. म्हणजे शेळी काकूंची, पाळायची शेवंतानं, पिल्लं झाली की निम्मी इकडं निम्मी तिकडं. सहा वर्षं असं चाललंय. वर अंगण सारवणं, मिरच्या कुटणं, सांडग्यांना बसणं, हे सगळं फुकट. त्याला नाव नाही, ते बटईत धरलेलं असतं.

मी पाटीवर मांडून दाखवलं. सहा वर्षांत किती पिल्लं तुझ्या दारातून दुसऱ्याच्या दारात गेली. ती पाटीकडं बघत राहिली. लिहिता-वाचता येत नाही तिला, पण पिल्लं सगळी आठवत होती. कोणती बांडी, कोणती काळी, कोणती लंगडी होती.

"कर्ज मंजे अंगावर येते ना बाई?"

मी म्हटलं, "अगं, तू गयाकाकूंची शेळी पाळतेस, तशी ही सरकारची शेळी समज. काकूंना पिल्लं देतेस, सरकारला हप्ता द्यायचा. हप्ते संपले की शेळी तुझी. आणि मिरच्या कुटायला सरकार बोलावणार नाही."

हसली. "सरकारच्या मिरच्या लई असतीन पण."

मला वाटतं मी चांगलं समजावलं.

२९ सप्टेंबर

दर्यापूरच्या बाजारातून दहा शेळ्या आणल्या, पाचजणींच्या. शेवंता, कौसाबाई आणि आणखी तिघी. शेवंताच्या दोन्ही तिनं स्वतः निवडल्या. दात पाहिले, कास पाहिली, आणि विकणाऱ्याला असं काही बोलली की तो भाव उतरवून गप्प झाला. दोन्ही गाभण आहेत म्हणाली, अगदी कोवळ्या दिवसांत. येताना दोन्ही दावी हातात धरून पुढं चालत होती. मागं वळून बघत नव्हती. दीड वर्षात पहिल्यांदा मला आपलं काम पगारापेक्षा मोठं वाटलं.

संध्याकाळी तिनं काकूंच्या शेळ्या परत केल्या. काकूंनी शेळ्यांच्या पाठीवर हात फिरवला. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "तुमी तिले मोकळं केलं, चांगलं केलं. पण मोकळ्या जनावराले राखण कोण करते, ते बी पाहून ठेवा."

म्हटलं, म्हातारीला झोंबलं.

१६ ऑक्टोबर

ताक बंद. आधी वाटलं विसरल्या असतील. आज आठवा दिवस आहे, इतकं कोणी विसरत नाही. स्वतः मागायला जाणार नाही. माझाही हेका आहेच.

शेवंतालाही काकूंनी बजावलंय की आपल्या बांधावर शेळ्या आणायच्या नाहीत. बटईच्या शेळ्यांना बांधावरचं गवत आपसूक मिळायचं, मालकिणीच्याच शेळ्या त्या. आता या परक्या. काकूंचे बांध म्हणजे गावाच्या पूर्वेचे सगळेच बांध. कापसाच्या वेचणीला पण या हंगामात दुसऱ्या बायका सांगितल्यात.

मी पाटीवर पिल्लं मांडली होती. बांध मांडले नव्हते.

१२ नोव्हेंबर

दिवाळी करून अमरावतीहून परत. दादाच्या घरी चार दिवस. वहिनी चांगली वागते, पाहुणीशी वागावं तसं. भाऊबीजेला दादानं साडी दिली. आईची एक गोष्ट त्याला आठवण करून दिली तर म्हणाला, "हो का? मला नाही आठवत." आम्ही दोघंच उरलोय आणि त्यातल्या एकाला आठवत नाही.

गावात शिरताना वस्तीच्या तोंडाशी शेवंता भेटली. "आल्या का बाई? चार दिवस खिडकी बंद होती तं सकाळ झाली का नाई, समजे ना." खोलीत येऊन रडले थोडी. रडण्यासारखं तिनं काही म्हटलं नव्हतं.

५ डिसेंबर

काल अकोल्याला सेविकांचं शिबिर. दुपारच्या सुट्टीत बाजारात गेले तर ते दिसले. माझे यजमान. फॉर्मवर अजून त्यांचंच नाव लिहावं लागतं. मोसंबी निवडत होते, प्रत्येक फळ उचलून कानाशी हलवायची ती जुनी सवय. सोबत ती दुसरी बाई होती. मला पाहिलं नाही. मी दुकानाच्या फळीआड उभी राहिले, चोरी मी केल्यासारखी.

आज शेवंताला सांगितलं. या गावात तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही. तिचा नवरा तापात गेला, माझा मोसंबी निवडतो आहे. ती म्हणाली, "तुमचा बटईदार पळाला बाई. पिल्लू नाई, शेळी नाई, निस्तं दावं तुमच्या हाती." मग दोघीही हसलो. असं हसून सहा-सात वर्षं झाली असतील.

कौसाबाईची एक शेळी व्याली. जुळी पिल्लं. आनंद आहे, पण शेवंताच्या अंगणात गेले की तिच्या शेळ्यांची पोटंच बघत बसते.

२३ जानेवारी १९६२

शेवंताच्या दोन्ही शेळ्या गेल्या.

सकाळी नाल्याच्या पलीकडं नेल्या होत्या. अलीकडं तर सगळे काकूंचेच बांध. तिथं कोणाचं तरी कापलेलं ज्वारीचं रान, धसकटांना हिरवे फुटवे आलेले. जनावराला ते विष आहे, हे इथल्या पोरांनाही माहीत. ती नाल्यावर पाणी प्यायला वळली तेवढ्यात शेळ्या रानात शिरल्या. दुपारी फुगल्या. मला निरोप येऊन मी पोचेपर्यंत एक गेली होती. दुसरीचं डोकं शेवंताच्या मांडीवर. दर्यापूरहून जनावरांचा डॉक्टर यायला अंधार पडला असता.

कोणीतरी मागून म्हणालं, फुटवे दिसत नाहीत का? शेवंता वळली नाही. "मले काय मालूम नोतं काय? दुसरी जागा कुठी होती मले?"

पोटात पिल्लं होती. महिन्याभरात व्याल्या असत्या.

२४ जानेवारी

हे आज लिहिलं नाही तर पुढं कधी लिहिणार नाही.

शेवंता सकाळी आली. खिडकीखालून हाक नाही मारली, दारात येऊन उभी राहिली. हातात फडक्याची पुरचुंडी. ती उंबऱ्यावर ठेवली आणि सोडली. आत चार कान. दोन काळे, दोन बांडे.

"कातडं नाई सोललं बाई. ते काम आमी सोडलं. कान आणले. सरकारले दाखवा."

मला कळेना. मग हळूहळू उमगलं. बटईची शेळी मेली तर पाळणारी तिचं कातडं नाहीतर कान मालकिणीला नेऊन दाखवते. विकून खाल्ली नाही, खरोखर मेली, याची खूण. खूण पटली की विषय संपला. मालकिणीची शेळी गेली, पाळणारीची मेहनत गेली, कोणी कोणाला काही देणं नाही.

"फिटलं ना बाई?"

सरकारची शेळी समज. मीच म्हटलं होतं. या उंबऱ्याच्या आत बसवून म्हटलं होतं.

मी म्हटलं, "विचारते साहेबांना." तोंडावर खरं सांगायची हिंमत झाली नाही. ती म्हणाली, "इचारा. मीठ लावलं हाय, खराब नाई होणार."

काकू ओसरीवर होत्या. या वेळी त्यांनी मान फिरवली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२६ जानेवारी

काल ती पुरचुंडी घेऊन खरंच दर्यापूरला गेले. पिशवीत, डब्याच्या बाजूला. साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब खुर्चीसकट मागं सरकले. मी पद्धत सांगितली. आधी हसले, मग मी हसत नाही हे पाहून थांबले.

"बाई, आपण कर्ज दिलंय. शेळी तिची होती. मेली तर तिची मेली."

"पण साहेब, तिला जे समजलं..."

"समजावलं कोणी?"

मी पुरचुंडी पुन्हा बांधली.

मग म्हणाले, पाचही जणी जबाबदार आहेत, कागद तसा आहे. एकीला सोडलं तर उद्या सगळ्यांच्या शेळ्या मरतील. आणि निघताना, "पुढच्या वेळी जनावर जरा काटक निवडायला सांगा." शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. ते वाईट मनुष्य नाहीत. योजना मनापासून मांडतात. पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय झालीय, आणि त्या उंटाचा कासरा माझ्या हातात आहे.

आज झेंडावंदन झालं. परत येताना कान नाल्याकाठी पुरले. शेवंताला सांगितलं, नाही फिटलं. मग म्हणाली, "मंग ती शेळी सरकारची नोतीच."

३ फेब्रुवारी

अष्टग्रही. सगळं गाव देवळात. म्हणे जग बुडणार. हप्त्याचा दिवस, चौघी आल्या होत्या. कौसाबाई म्हणाली, "जग बुडूनच रायलं तं हप्ता कायले भरू?" पण भरला. जग बुडायचं असो नसो, हिच्याकडं आता चार पिल्लं आहेत, दूध विकते, घराला दार लावलं. आजवर तिच्या घराला पोत्याचा पडदा होता. हेही लिहून ठेवते, नाहीतर मी खोटं लिहिलं असं होईल.

शेवंताचा हप्ता चौघींनी वाटून भरायचा, असा कागद आहे. मी वाचून दाखवला. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, एकमेकींकडं बघत होत्या. कौसाबाईच म्हणाली, "फुटवे तिनं चारले, अन् आमी भरायचे?"

"गरिबाकडे तारण नसतं, शेजारीण असते." वहीत अजून आहे ते वाक्य. त्याखाली तेव्हा मी रेघ ओढली होती.

१८ फेब्रुवारी

चौघी शेवंताच्या अंगणात जाऊन बसतात. भांडत नाहीत, शिव्या देत नाहीत. नुसत्या बसतात, आपापलं निवडणं-टिपणं घेऊन, दुपारभर. आधी याच तिच्याकडं अशाच येऊन बसायच्या. तेव्हा ती चहा करायची.

काल मी पगारातून तिचा हप्ता भरला आणि पावती तिच्या नावाची केली. वाटलं, कोणाला कळणार नाही. गावात कळत नाही असं काय असतं. आज सकाळी ती आली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"काहून भरला?"

"माझी चूक होती शेवंता. मी नीट सांगितलं नव्हतं."

"तुमची चूक होती तं सायबाले सांगा. मले काहून भिकारीण करून रायल्या? गयाबाईच्या दारात मी मिरच्या कुटल्या, पण फुकट कोणाचं घेतलं नाई. आता त्या चौघी म्हंतात, बाईची लाडकी हाय."

मी म्हटलं, मैत्रीण म्हणून केलं. ती म्हणाली, "मैत्रीण हप्ता घ्यायले येते काय बाई?"

ती गेल्यावर मी केरसुणी घेऊन खोली झाडली, झाडलेलीच होती तरी.

७ मार्च

शेवंता आज अकोटला गेली. तिथं बहीण कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी वेचायच्या कामावर आहे, हिलाही घेतील म्हणाली. एस.टी.पर्यंत सोडायला गेले. तिनं नको म्हटलं नाही, चला म्हटलं नाही. बाकीची भांडी विकून मार्चचा हप्ता भरला होता तिनं. उरलं एक गाठोडं, एक हंडा. घराला कुलूप नाही, आत ठेवायला काही नाही.

गाडी आल्यावर म्हणाली, "खिडकी लावून निजत जा बाई, आता कोणी उठवाले येत नाई." यात राग होता की काळजी, दिवसभर विचार केला. दोन्ही असेल.

२० मार्च

सकाळी आपोआप जाग येते. खिडकीखालून कोणी जात नाही. आठ दिवसांत कामाव्यतिरिक्त कोणाशी काय बोलले ते आठवत होते. "माचिस द्या." आणि पोस्टमनला, "माझं काही?"

चौघीही एकमेकींशी आता तुटक बोलतात. हप्ते मात्र वेळेवर.

२ एप्रिल

पोस्टमन आला. मनिऑर्डर, अकोटहून, माझ्या नावावर. बरोब्बर हप्त्याएवढी. खाली मजकुराचा तुकडा कोरा. "सुखरूप आहे" इतकंही नाही. मनिऑर्डर लिहून देणाऱ्याला चार शब्द जास्तीचे सांगायला काही लागत नाही.

तिच्या नावाची हप्त्याची पावती फाडली. तो कोरा तुकडा या वहीत ठेवला आहे.

४ मे

दुसरी मनिऑर्डर. थोडी जास्त. मोजल्यावर कळलं, मी फेब्रुवारीत भरलेला तो हप्ता चुकता करते आहे. तुकडा कोराच.

ऊन असं की विहिरीचं पाणी आणखी खारट झालंय. कालपासून ताप आहे. दुपारी दार वाजलं, बघते तर गयाकाकू स्वतः, हातात ताकाचा गडू. ऑक्टोबरनंतर आज. पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "शेवंतानं सोडल्या तवापासून माह्या शेळ्या दुसरीकडं देल्या. ती नीट पाहात नाई. एक मेली." मी विचारलं, मग? "मग काय. कान दाखवले, झालं." जरा वेळानं म्हणाल्या, "त्या दिवशी बांध खुला ठेवला असता तं..." वाक्य पुरं केलं नाही. मीही नाही केलं. ताक मीठ घालून पाठवतात या, खाऱ्या पाण्याचा गाव असून. सगळं प्यायले.

१४ मे

एक तारखेपासून ब्लॉक ऑफिसची पंचायत समिती झाली. पाटी नवी, टेबलं तीच.

दोन कागद मिळाले. एक, पाहणीचा तक्ता. आमच्या गावाची वसुली पूर्ण, एकही हप्ता थकीत नाही, म्हणून योजना इतर गावांत न्यायची की नाही हे आमच्या तक्त्यावर ठरणार. प्रत्येक कर्जदारापुढं एक रकाना, कर्जामुळे स्थिती सुधारली का? होय किंवा नाही. तेवढीच जागा आहे.

दुसरा, माझी बढती. मुख्यसेविका, अमरावतीला. एक जूनला हजर व्हायचं. साहेब म्हणाले, "तुमच्या वसुलीमुळेच हे झालं." अभिनंदन केलं, पेढा दिला. शेवंताच्या मनिऑर्डरीवर माझी बढती झाली, हे त्यांना माहीत नाही. मी पेढा खाल्ला.

अमरावती. नळाचं गोडं पाणी. शिजणारी डाळ. दादाचं घर, संध्याकाळी दिवे, रस्त्यावर माणसं. दोन वर्षं हेच मागत होते.

कौसाबाईपुढं "होय" लिहिलं. खरंच आहे ते. आणखी दोघींपुढं "होय", एकीपुढं खूप विचार करून "होय". शेवंताचा रकाना तसाच आहे. कागदाप्रमाणं तिनं सगळे हप्ते भरलेत. "नाही" लिहिलं तर योजना इथंच थांबेल, आणि कुठल्या तरी गावातल्या कौसाबाईला दार मिळणार नाही. "होय" लिहिलं तर कुठल्या तरी गावातली शेवंता कान घेऊन कोणाच्या तरी उंबऱ्यावर उभी राहील.

२१ मे

अकोटला जाऊन आले. रजा टाकली, कारण "खाजगी" लिहिलं.

जिनिंगच्या फाटकाबाहेर दुपारच्या सुट्टीत वाट पाहिली. बायका बाहेर पडल्या त्या सगळ्या सारख्याच, केसांवर, पापण्यांवर, ओठांवर रुईचे तंतू. शेवंताला मी ओळखलंच नाही, तिनं ओळखलं. "उठल्या का बाई?" म्हणाली. भर दुपारी.

निंबाखाली बसलो. खोकते आहे. चांगला नाही वाटला तो खोकला. तिच्या डब्यातली भाकर तिनं मोडून अर्धी दिली. मी विचारलं, मनिऑर्डरीत काही लिहीत का नाही? "लिवणारा पुरुष हाय. त्याले काय सांगू, बाईची याद येते मनून?"

मी बढतीचं सांगितलं. तक्त्याचंही सांगितलं, आणि तो रकाना कसा भरू ते तिलाच विचारलं. वाटलं होतं चिडेल. ती खूप वेळ विचार करत होती, पाटीकडं बघायची तशी.

"कर्जानं मी सुधारली का? शेळ्या माह्या मनून बाजारातून आणल्या त्या दिवशी सुधारली होती. तो दिवस खोटा नोता बाई. पण मरण आलं तवा मी एकटीच होती. गयाबाईच्या बटईत मरण दोघींचं असे, अन् मिरच्या माह्या एकटीच्या. सरकारच्या कर्जात मिरच्या नाई, पण मरण माह्या एकटीचं. आता तुमीच लिवा, होय का नाई."

भोंगा झाला. ती उठली, लुगडं झटकलं. मग जायच्या आधी, माझ्याकडं न बघता म्हणाली:

"हंगाम सरला, बुधवारी जिन बंद होते. मी गावाले येऊन रायली. तुमी मले एक शेळी द्या. तुमच्या पैशाची. हप्ता नाई, कागद नाई. बटईनं. मिरच्या तुमच्या तुमी कुटा. जगली तं दोघींची, मेली तं दोघींची."

मी म्हटलं, मी तर अमरावतीला चालले. तिथूनही देईन, पैसे पाठवीन.

मान हलवली. "लांबून नाई होत बाई. मालकीण जवळ पायजे. कान दाखवाले अमरावतीले येऊ काय मी?"

फाटक लागलं. मी तिथंच उभी होते बराच वेळ, हातात तिची अर्धी भाकर.

२२ मे

सरकारी नोकरानं कर्जदाराशी देवघेवीचा व्यवहार करायचा नाही, असा नियम आहे. काढून वाचला. शेळीचं त्यात काही नाही, पण आहेच म्हणायचं.

बढती नाकारता येते का, हे ऑफिसात कोणाला विचारलं तर वेड लागलं म्हणतील. एका शेळीसाठी. एका बाईसाठी म्हटलं तर आणखीनच. दादाचं पत्र आलंय, वहिनीनं माझ्यासाठी माजघरातली खोली रिकामी केली म्हणे. चांगलं लिहिलंय. प्रेमानं लिहिलंय.

बसून स्वतःशी खरं बोलायचं तर, मला तिच्या गरिबीचं किती आणि माझ्या खिडकीचं किती, हे मला वेगळं करता येत नाही. शेळी दिली तर तिला मदत करीन की सकाळची हाक विकत घेईन? तिनं ते ओळखलं असेल. ती सगळं ओळखते. तरी तिनंच मागितली.

२३ मे, बुधवार

आज संध्याकाळच्या गाडीनं शेवंता येणार.

सकाळपासून ट्रंक भरायला घेतली आहे. तक्ता टेबलावर, चार "होय" आणि एक रिकामी जागा. साहेबांचा माणूस उद्या न्यायला येईल. काकू दोनदा डोकावून गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, बांध यंदा मोकळाच राहील, कोणाची शेळी असो. विचारलं नव्हतं मी.

साड्या झाल्या, भांडी झाली, ते कोरे तुकडे वहीत आहेत. तळाशी घालायला म्हणून पिशवी उपडी केली तर त्यातून दावं पडलं. अकोटच्या बाजारात परवा घेतलं होतं, अंबाडीचं, नवंकोरं. गाडीला वेळ होता, दुकान समोर होतं, घेतलं. कशाला ते तेव्हाही स्वतःला विचारलं नाही.

खोलीत सगळीकडं अंबाडीचा वास सुटलाय. ट्रंक उघडी आहे. दावं आत ठेवायचं की बाहेर, एवढ्यावर दुपारपासून अडले आहे, आणि गाडी आता आलीच. दावं हातात तसंच घेऊन स्टँडवर निघाले आहे.